रॉक बँडवरची भयकादंबरी वाचायची तर आधी हे ठाऊक हवं

कंबरतलाव
नमस्कार मंडळी. आपल्या सोलापूरच्या वाचनकट्ट्यावर पुढच्या वेळी रॉक बँडवरची भयकादंबरी घ्यायचं ठरलंय. कोणती, ते ज्याने त्याने ठरवावं. या प्रकाराचा साचा बराचसा ठरलेला असतो: फुटलेला बँड, जुनी कॅसेट, कधीतरी केलेला करार, खालच्या सुरात उतरवलेली गिटार आणि शेवटचा मोठा शो.

आपला वाचक धारप-मतकरींच्या भयकथांवर वाढलेला. कुलूपबंद खोलीत पावलं वाजली की तो दचकतो, कारण कुलूपबंद खोलीत काय होऊ शकत नाही हे त्याला पक्कं माहीत आहे. पण बंद ॲम्पमधून (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या यंत्रातून) सूर आला असं लिहिलं तर तो नुसता पान उलटतो. बंद ॲम्प किती वेळ वाजू शकतो हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. नियम माहीत असेल तरच तो मोडल्याचं भय वाटतं. या कादंबऱ्या आपल्याकडे बऱ्याच जणांना ‘पचत नाहीत’ त्या एवढ्याचसाठी, असं माझं ठाम मत आहे.

तर हा धागा नियमांसाठी. गिटार, वीज, टेप, करार, ज्याला जे येतं ते नेमकं लिहा. आठवणी दुसऱ्या धाग्यावर लिहू, इथे फक्त माहिती.

तीव्रमध्यम
सुरापासून सुरू करतो. या कादंबऱ्यांत ‘सैतानाचा सूर’ येतोच येतो. तो म्हणजे षड्ज आणि तीव्र मध्यम यांतलं अंतर. ब्लॅक सॅबथ या इंग्रज बँडची पहिली रेकॉर्ड १३ फेब्रुवारी १९७०ला आली, वार शुक्रवार. तिच्यातल्या पहिल्याच गाण्यात गिटार सा, वरचा सा आणि तीव्र म एवढंच वाजवते. रॉकमधल्या भीतीला तिथून घर मिळालं.

आता आपल्या वाचकाची खरी अडचण बघा. तीव्र मध्यम आपण रोज संध्याकाळी यमनात ऐकतो आणि तो गोड लागतो. मग भीती कसली? तर पंचम नसण्याची. यमनात तीव्र मध्यमाला लागून पंचम उभा असतो, कान तिथे टेकतो. मारव्यात पंचम नाही, म्हणून तो राग अस्वस्थ करतो. तानपुऱ्याची पहिली तारसुद्धा मारव्याला पंचमात लावत नाहीत, निषादात किंवा धैवतात लावतात. रॉकमध्ये तर उलट सगळी इमारतच सा-पवर. पॉवर कॉर्ड म्हणजे सा आणि प, गंधार नाहीच. ज्या संगीतात दर मात्रेला पंचम मिळतो, तिथे तो काढून घेतला आणि अर्ध्या सुराने खाली तीव्र मध्यमावर थांबवलं, की पायरी चुकल्यासारखं होतं.

डिस्टॉर्शनमुळे, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडल्यामुळे, हे आणखी वाढतं. दोन सूर एकत्र फाडले की त्यांच्या कंपनसंख्येतल्या फरकाचा तिसरा सूर तयार होतो. ९८ आणि १४७ हर्ट्झ, म्हणजे सा-प, घेतले तर फरक ४९. तो खर्जातला साच आहे, म्हणून आवाज भरीव लागतो. ९८ आणि १३८.६, म्हणजे सा आणि तीव्र म, घेतले तर फरक ४०.६. याचं सा-शी काहीच नातं नाही. खाली गुरगुर सुरू होते ती ही.

वाचायच्या आधी दहा मिनिटं मारवा ऐका, मग ते गाणं. तीव्र मध्यम कुठे सुटतो आणि कुठे लटकतो, ते कानाला कळेल.

नवीपेठ
भारी. खालच्या सुरात उतरवणं म्हणजे नेमकं किती? पुस्तकात नुसतं ‘डीट्यून केली’ लिहितात बे.

तीव्रमध्यम
गिटारची सगळ्यात जाड तार पेटीच्या पांढरी तीनला असते, ८२.४ हर्ट्झ. तीन स्वरपट्ट्या उतरवली की काळी एक, ६९.३ हर्ट्झ. ब्लॅक सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी १९७१च्या सुमारास इथवर आला, आणि त्यामागे गरज होती. बर्मिंगहॅमला पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. वितळवलेल्या प्लॅस्टिकच्या टोप्या करून त्यावर चामडं चिकटवलं आणि तारा सैल केल्या.

तीन पट्ट्या उतरवल्या की तारेचा ताण सुमारे २९ टक्के घटतो, पाच पट्ट्या उतरवल्या तर ४४ टक्के. नेहमीचा १०-४६चा सेट (सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) काळी एकला ढिला पडतो. जोरात छेडली की तार क्षणभर चढते आणि मग खाली येते, फ्रेटवर खरखरते. म्हणून १२-५४च्या आसपासचा सेट घालतात. जाड तार नटच्या (दांडीच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचेत बसत नाही, खाच घासावी लागते, ट्रस रॉड (दांडीतली सळई) आणि इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरचा सुरेलपणा) पुन्हा लावावं लागतं. कादंबरीत पात्राने शोच्या मध्यावर पेग (तारेची खुंटी) पिळून पाच पट्ट्या उतरवल्या आणि लगेच सुरेल वाजवलं, तर एक तर लेखकाला गिटार माहीत नाही, नाहीतर तिथे खरंच काहीतरी अघटित चाललंय. चांगला लेखक दुसरं कळावं म्हणून शेजारच्या गिटारवादकाची नजर त्या पेगवर नेतो.

मंडपसाउंड
विजेचं मी लिहितो, कारण या प्रकारातली अर्धी भीती वायरमधून येते.

हमिंग म्हणजे आपली ५० हर्ट्झची लाइन आणि तिची पट, १००, १५०. अमेरिकेत ६० आणि १२०. पेटीवर बघितलं तर आपलं हमिंग पांढरी पाचच्या ३५ सेंट वर पडतं (सेंट म्हणजे एका स्वरपट्टीचा शंभरावा भाग), म्हणजे जरा चढी पांढरी पाच. अमेरिकेतलं काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधोमध, दोन पट्ट्यांच्या फटीत. तिकडच्या गोष्टीत ‘कुठल्याच सुरात न बसणारी गुणगुण’ असं वर्णन आलं, तर ती निव्वळ कल्पना समजू नका, तिकडच्या विजेचा सूर खरंच तसा आहे.

तीव्रमध्यमदादांच्या मुद्द्याला हे जोडा. काळी एक आणि पांढरी पाच यांत तीव्र मध्यमाचंच अंतर. म्हणजे काळी एकला उतरवलेली गिटार सोलापुरात हमिंग करणाऱ्या ॲम्पला लावली की सैतानाचा सूर आपोआप तयार, फक्त ३५ सेंटने कच्चा. पक्का हवा असेल तर जाड तार ७०.७ हर्ट्झला लावायची.

पिकअप म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणारा भाग. सिंगल कॉइल पिकअपला हमिंग जास्त, हंबकरला कमी, कारण त्यात दोन कॉइल उलट्या गुंडाळलेल्या असतात आणि लाइनची गुणगुण एकमेकींत कापली जाते. आता लक्ष देऊन वाचा. सिंगल कॉइल गिटारच्या तारा अर्थला जोडलेल्या असतात. माणसाचं अंग हवेतली गुणगुण गोळा करतं. वादकाने तारांना हात लावला की ती अर्थमध्ये जाते आणि स्पीकरमधलं हमिंग एकदम उतरतं. हात उचलला की परत चढतं. स्टेजवर रोज घडणारी गोष्ट आहे. आता असं दृश्य वाचा: हॉल रिकामा, सामान आवरायचंय, गिटार स्टँडवर, ॲम्प चालू, हमिंग भरलेलं. आणि मध्येच हमिंग उतरतं. कादंबरीत एवढं एक वाक्य असतं आणि लेखक पुढे निघून जातो. ज्याला हे माहीत नाही त्याला वाटतं आवाज कमी झाला, बरं झालं. ज्याला माहीत आहे त्याला कळतं, तारांवर कुणाचा तरी हात पडलाय.

कंबरतलाव
मंडपसाउंड काका, धागा काढला तो याचसाठी. बंद ॲम्पचं पण सांगा.

मंडपसाउंड
व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांच्या) ॲम्पमध्ये आत ४०० ते ५०० व्होल्ट डीसी असतो. स्विच बंद केला तरी फिल्टर कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो आणि व्हॉल्व्ह गरम असतात, म्हणून सूर काही सेकंद विरत जातो. तेवढं चालतं. मिनिटानंतर वाजला तर नियम मोडला. (असा ॲम्प उघडायला जाऊ नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटर जिवावर बेतू शकतो.)

लांब लीड (गिटारची वायर) अँटेनासारखी वागते आणि मध्यम लहरींवरचं रेडिओ स्टेशन ॲम्पमधून बोलू लागतं. पुसट, नाकातलं, वाक्य अर्धवट. यात भूत नाही. लीड आखूड केली, फेराइटचा मणी घातला की जातं. लीड काढल्यावरही आवाज तसाच राहिला तर पुढचं पान वाचा.

व्हॉल्व्हचा आतला सांगाडा सैल झाला की तो माईकसारखा वागतो. लाकडी पेन्सिलीने हलकेच टिचकी मारली की स्पीकरमधून टिंग येतं. खराब व्हॉल्व्ह शोधायची ही नेहमीची रीत आहे.

आणि शॉक. लेस हार्वी हा गिटारवादक मे १९७२मध्ये स्वान्सीला स्टेजवर गेला. एका हाताखाली तारा, दुसरा हात अर्थिंग नसलेल्या माईकला. कादंबरीत स्टेजवरचा मृत्यू बहुधा असाच येतो आणि कारण खरंच असतं: गिटारचा ॲम्प एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्या, दोन अर्थिंगमध्ये फरक. तपासायचं असं. मल्टिमीटर एसीवर, मोठ्या रेंजला. एक टोक गिटारच्या ब्रिजला, दुसरं माईकच्या जाळीला. एक-दोन व्होल्ट दिसले तर ठीक. दहा-वीसच्या पुढे गेलं तर थांबा, वायरमनला बोलवा. सगळं सामान एकाच बोर्डावरून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा खटका) लावा. हमिंग घालवायला प्लगची अर्थ पिन तोडतात, तो जीवघेणा प्रकार आहे. डीआय बॉक्सवरचा (गिटार मिक्सरला जोडायच्या डबीवरचा) ग्राउंड लिफ्टचा खटका त्यासाठीच असतो. आपल्याकडे उन्हाळ्यात काळी माती सुकून भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा जातो आणि रेझिस्टन्स वाढतो. मार्चपासून खड्ड्यात नियमाने पाणी घालायला हवं.

नवीपेठ
७०.७ साध्या क्लिप ट्यूनरवर कसं लावायचं? तो तर नुसता सूर दाखवतो.

तीव्रमध्यम
ट्यूनरचा संदर्भ सूर बदल. ४४० असतो तो ४४९ कर, बरेच ट्यूनर ४३० ते ४५०पर्यंत जातात. मग काळी एकला सुई मध्यावर आण. ७०.७ मिळेल. झाल्यावर ४४०ला परत आण, नाहीतर पुढच्या प्रॅक्टिसला सगळा बँड बेसूर.

गिटार नसेल तर ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये कर. जनरेट मेनूत टोन, साइन, १०० हर्ट्झ, ॲम्प्लिट्यूड ०.१. दुसऱ्या ट्रॅकवर १४१.४ हर्ट्झ, ०.०५. मोबाइलच्या स्पीकरवर १०० हर्ट्झ जवळजवळ येतच नाही, हेडफोन लाव. आवाज बारीकच ठेव.

फेरिकटेप
कॅसेटवर राहवत नाही म्हणून लिहितो. या कादंबऱ्यांत सापडलेली डेमो टेप उलटी वाजवली की संदेश येतो. १९८०च्या दशकात अमेरिकेत यावरून रान उठलं होतं, १९९०मध्ये नेवाडातल्या रेनोला जूडास प्रीस्टवर खटलाही चालला आणि निकाल बँडच्या बाजूने लागला. पण साधी कॅसेट उलटी वाजत नाही हो. बाजू बदलली की दुसरी बाजू सुलटीच वाजते, कारण ती टेपच्या दुसऱ्या अर्ध्या रुंदीवर सुलट भरलेली असते.

उलटी वाजते ती फोर-ट्रॅकवर, म्हणजे चार आवाज वेगवेगळे भरणाऱ्या यंत्रावर, भरलेली. घरगुती फोर-ट्रॅक रेकॉर्डर चारही ट्रॅक एकाच दिशेने भरतो, त्यामुळे टेपची पूर्ण रुंदी वापरली जाते. शिवाय पुष्कळ यंत्रं दुप्पट वेगाने चालायची, सेकंदाला ९.५ सेंटीमीटर. साधा डेक ४.७६. आता ही टेप साध्या डेकमध्ये घाला. ए बाजूला ट्रॅक एक आणि दोन ऐकू येतात, सुलटे, निम्म्या वेगाने, एक सप्तक खाली. बी बाजूला ट्रॅक तीन आणि चार, निम्म्या वेगाने आणि उलटे. ड्रम एकवर, गिटार दोनवर, गाणारा तीनवर भरला असेल तर ए बाजूला गाणाराच नाही. कॅसेट उलटली की तो एकटा येतो, उलटा आणि जाड्या आवाजात. यात अमानवी काही नाही. लेखकाने हे नीट मांडलं, तर खरी भीती पुढच्या प्रश्नात आहे: चौथ्या ट्रॅकवर काय आहे? बँडने तर तीनच भरले होते.

दुसरं, प्रिंट-थ्रू. गुंडाळलेल्या टेपच्या एका थराचं चुंबकत्व शेजारच्या थरावर उमटतं, त्यामुळे शांततेत खरा शब्द यायच्या थोडं आधी त्याचीच पुसट कुजबूज ऐकू येते. टेप जितकी पातळ तितकं जास्त, म्हणजे सी-९०, सी-१२०. उष्णतेने वाढतं. मे महिन्यात सोलापुरात पत्र्याच्या माळ्यावर पडलेल्या टेपवर ते ठळक असणारच. वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे-मागे गुंडाळली तर कमी होतं. म्हणून नियम असा: कुजबूज तोच शब्द बोलते. कुजबूज वेगळा शब्द बोलली तर पुस्तक मिटू नका, वाचत राहा.

नवीपेठ
ऐकू न येणाऱ्या आवाजाने माणसं घाबरतात असं येतं ते खरं का? १९ हर्ट्झ वगैरे.

मंडपसाउंड
विक टँडी नावाच्या इंजिनिअरचा १९९८चा लेख त्याच्या मुळाशी आहे. इंग्लंडमधल्या एका प्रयोगशाळेत लोकांना अस्वस्थ व्हायचं, डोळ्याच्या कोपऱ्यात करडी आकृती दिसायची. व्हाइसमध्ये (शिकंजात) धरलेलं तलवारबाजीचं पातं आपोआप थरथरलं आणि शोध लागला. नव्याने बसवलेला एक्झॉस्ट फॅन १९ हर्ट्झच्या आसपासची लाट खोलीत उभी करत होता. फॅनची व्यवस्था बदलली, लाट गेली.

पण बँडने पीएमधून (हॉलच्या मोठ्या स्पीकरमधून) १९ हर्ट्झ सोडले असं कादंबरीत असेल तर ते पटत नाही. अठरा इंची बेसचे डबे साधारण ४०च्या खाली दम तोडतात. गिटारची ७०.७ तर कुठल्या कुठे राहिली. मोठा फॅन आणि बरोबर लांबीची खोली हवी. १९ हर्ट्झच्या अर्ध्या लाटेला ९ मीटर लागतात, म्हणजे तीस फुटी बंद खोली. तालमीची खोली तीस फुटी आणि भिंतीत मोठा फॅन, एवढं लेखकाने सहज सांगून ठेवलं असेल तर तो गृहपाठ करून बसलाय.

मागवाला
तालाचं राहिलं. आपल्या मातीतलं सांगतो, कट्ट्यावर कुणी अशी गोष्ट सोलापुरात रचणार असेल तर कामाला येईल.

कारखान्यात साधे यंत्रमाग मिनिटाला शंभर ते दीडशेच्या घरात धोटा फेकतात. म्हणजे ड्रमरच्या भाषेत मध्यम ते जलद लय. पण शेडमध्ये माग एका ठेक्यात कधीच चालत नाहीत. इंडक्शन मोटार ५० हर्ट्झवर १५०० फेऱ्यांना पोचतच नाही, लोडप्रमाणे १४४०च्या आसपास राहते, आणि प्रत्येक मोटारीची घसरण वेगळी. त्यात पट्टा सैल-घट्ट. एक माग १२० आणि शेजारचा १२१ असेल तर दोघांचा ठोका मिनिटातून एकदाच एकत्र पडतो आणि लगेच सुटतो. दोनाची ही गत, तर चोवीस मागांची काय? म्हणून शेडचा आवाज एकसारखा खळखळाट वाटतो, त्यात सम सापडत नाही. सगळे माग एका ठोक्यावर आले असं लिहिलं, तर इथल्या कुठल्याही विणकराच्या घरातला वाचक ताठ बसेल. दुसरं काही लिहायची गरज नाही.

होटगीरोड_वकील
कराराबद्दल. चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकणं ही रॉबर्ट जॉन्सनच्या नावावरची दंतकथा (१९११-१९३८). त्याआधी टॉमी जॉन्सन या दुसऱ्या ब्लूज गायकाबद्दल ती सांगितली जायची. आपल्याकडे तिकटीवर उतारा ठेवतात, त्यामुळे जागेची भीती आपल्या वाचकाला शिकवावी लागत नाही. सोलापुरात तर सात रस्ताच आहे. पण आधुनिक कादंबरीत सैतान कागद घेऊन येतो, आणि कागद वाचायला शिकलं पाहिजे.

उदाहरण म्हणून हिशेब बघा. कंपनी रेकॉर्डिंगला एक लाख डॉलर आगाऊ देते. बँडचा वाटा १० टक्के. रेकॉर्ड १० डॉलरला. म्हणजे रेकॉर्डमागे बँडचा एक डॉलर, आणि आगाऊ रक्कम त्या एका डॉलरमधूनच वळती होते. एक लाख रेकॉर्ड खपेपर्यंत बँडला दमडी नाही, तोवर विक्री दहा लाखांची झालेली. त्यावर व्हिडिओचा खर्च, दौऱ्याचा खर्च त्याच खात्यात चढतो. दुसरी रेकॉर्ड पडली तर तिचं देणं पहिलीच्या कमाईतून वसूल करायचं कलम असतं. हक्क ‘संपूर्ण विश्वात आणि कायमचे’ ही भाषा खऱ्या करारांत असते. यात भूत घालायची गरज लेखकाला फार थोडी.

गोष्ट भारतात आणायची तर कॉपीराइट कायद्याचं कलम १९ वाचा. हस्तांतराच्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. वेगळं काही ठरवलेलं नसेल तर दिलेला हक्क वर्षभरात वापरला नाही की हस्तांतर संपतं. २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रेकॉर्डिंगच्या वापरावरचा आपला रॉयल्टीचा हक्क कंपनीला देऊन टाकता येत नाही. तो वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. तेव्हा मुदतीची ओळ कोरी सोडलेला करार दाखवून कुणी ‘आता सुटका नाही’ असं लिहिलं, तर कथानक तिथेच फाटलं. कोरी ओळ सही झाल्यावर आपोआप भरली गेली, तर मात्र जमलं.

कंबरतलाव
ताई, हे कुणाच्या डोक्यातच आलं नसतं. मनापासून आभार.

आता वाचनाबद्दल माझं मत. संगीत कागदावर उतरवताना लेखक बहुतेक विशेषणांत बुडतो. ‘काळीज चिरणारा सूर’, ‘नरकातून आलेला नाद’. अशा वाक्यातून काही ऐकू येत नाही. वस्तूवर काय झालं ते सांगणारा लेखक निवडा. स्नेअर ड्रमच्या खालच्या जाळीच्या तारा बेस गिटारच्या काही सुरांना आपोआप खरखरतात, म्हणून ड्रमर मधल्या वेळात खटका पाडून त्या सोडवून ठेवतो. कुणीच काही वाजवत नाही आणि जाळी खरखरते, हे लिहिणाऱ्याला संगीत कळतं. दुसरी कसोटी पुनरावृत्तीची. रिफ म्हणजे तेच तेच परत. चांगल्या प्रकरणात एक वाक्य तीनदा येतं आणि चौथ्यांदा एक शब्द बदललेला असतो. ते मोठ्याने वाचा, एका दमात. मनातल्या मनात वाचलं की डोळा ओळखीचं वाक्य गाळतो आणि बदललेला शब्द हुकतो.

कादंबरीतली कल्पित गाण्यांची कडवी दुबळी असतील तर सोडून द्या, बहुतेकांत ती दुबळीच असतात. वाचताना शब्द असलेलं गाणं लावू नका, दोन्हीकडचे शब्द भांडतात.

नवीपेठ
मग त्या दोन टोनची फाइल लावून वाचलं तर? किती वेळ चालेल?

तीव्रमध्यम
सलग लावलीस तर पाच-सात मिनिटांत कान तिला विसरतो, पंख्याचा आवाज विसरतो तसा. तोच उपयोग करून घे. वीस मिनिटांची फाइल कर. पहिली बारा मिनिटं फक्त १०० हर्ट्झ, मग १४१.४चा ट्रॅक फेड-इनने तीन मिनिटांत हळूहळू आण. एकदम आणलास तर क्लिक येतो आणि खेळ कळतो. हेडफोनचा आवाज मोबाइलच्या निम्म्याच्या खालीच. आणि कट्ट्यावर सगळ्यांना ऐकवणार असशील तर आधी सांग, काहींना असे सलग सूर सोसत नाहीत, डोकं धरतं.

मंडपसाउंड
कट्ट्यावर स्पीकर मी आणतो. दहा इंची बेसवाला जोड आहे, १०० हर्ट्झ स्वच्छ येईल. फक्त त्या हॉलच्या बोर्डाचं अर्थिंग आधी मीटरने बघून घेऊ, आणि रात्री दहाच्या आत संपवू.